रानकुत्रे टोळीने राहतात, वाघालाही हुसकावतात. मग ते संपत का चालले आहेत?

कारण ज्या टोळीच्या जोरावर ते जगतात, तिच्यामुळेच एकाचं संकट सगळ्यांवर येतं.

ताडोबात एकदा सकाळी मी आठ कोळसुंदे चितळ खाताना पाहिले. आपल्याकडे रानकुत्र्याला कोळसुंदा किंवा कोळसून म्हणतात. मोठी बाजूला झाली आणि अर्धवट वाढलेली पिल्लं आधी जेवली! ते दृश्य मी विसरू शकत नाही. साधारण पंधरा-वीस किलोचा हा प्राणी आपल्याहून कितीतरी वजनदार सांबर पाडतो तो एकजुटीने. दाट झाडीत पांगापांग झाली की शीळ घालून एकमेकांना शोधतात. टोळीत बहुधा एकच मादी विते, पण तिची पिल्लं सगळ्यांची असतात. शिकारीहून परतलेले कोळसुंदे बिळापाशी मांस ओकून पिल्लांना भरवतात, राखणीला थांबलेल्यांनाही देतात.

आता हेच उलट बाजूने बघा. एवढ्या तोंडांना रोज हरणं लागतात. चोरट्या शिकारीने हरणं कमी झाली की ते गुरा-वासरांकडे वळतात. चिडलेला मालक मेलेल्या वासरावर विष टाकतो. वाघ असता तर एक मेला असता. इथे सगळी टोळी एकाच ताटात जेवते. रोगाचंही तसंच. गावातल्या कुत्र्यांकडून डिस्टेंपर (कुत्र्यांना होणारा एक जीवघेणा विषाणूजन्य रोग) किंवा रेबीज एकाला लागला, की चाटण्या-चावण्यातून तो बाकीच्यांपर्यंत पोचायला वेळ लागत नाही.

इंग्रजांच्या काळात त्यांना मारणाऱ्याला सरकार बक्षीस देत असे. 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण मिळालं, पण दुर्लक्ष संपलं नाही. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या 2015 च्या अंदाजानुसार जगात प्रजननक्षम कोळसुंदे 949 ते 2,215 एवढेच आहेत आणि पूर्वीच्या प्रदेशापैकी तीन चतुर्थांशाहून जास्त भागातून ते गेलेत. काही देशांतून तर पूर्ण नाहीसे झाले.

(ते शेपटीने वाघाच्या डोळ्यांत मूत उडवून त्याला आंधळा करतात, हे मीही लहानपणी ऐकलंय. त्याला काही आधार नाही.)

माझ्या मते सगळ्यात आधी दोन कामं व्हायला हवीत: जंगलाकाठच्या गावांतल्या कुत्र्यांना लस, आणि ज्याचं वासरू गेलं त्याला भरपाई, तीही रागाच्या भरात तो विषाची बाटली शोधायच्या आत.