संग्राहकांचे प्रश्न : जुनी अमेरिकन तिकिटे आणि पाकिटे

प्रश्न : आजोबांच्या वहीत वॉशिंग्टनचे चित्र असलेली 3 सेंटची वीस-बावीस हिरवी तिकिटे मिळाली. सगळी सारखीच दिसतात. वेगळी काढायची कशी? (एक वाचक, लातूर)

ही 1870 नंतरची तिकिटे. मुबलक छापली गेल्यामुळे किंमत फारशी येणार नाही, पण नजर तयार करायला यांच्यासारखा दुसरा माल नाही. एकच चित्र तीन कंपन्यांनी पाठोपाठ छापले : 1870 पासून नॅशनल, 1873 पासून कॉन्टिनेंटल आणि 1879 पासून अमेरिकन बँक नोट कंपनी.

दहापट भिंग घेऊन डाव्या फितीच्या वरच्या टोकाची खालची बाजू पाहा. तिथे छटा दाट भरलेली असेल तर ती कॉन्टिनेंटलने घातलेली गुप्त खूण समजा. ती नसेल तर तिकीट नॅशनलचे. अमेरिकनने कॉन्टिनेंटलचीच रचना पुढे चालवली, म्हणून तिच्या तिकिटांवरही खूण असते. या दोघींतला फरक कागद सांगतो. कॉन्टिनेंटलचा कागद पातळ, कडक आणि करकरीत. अमेरिकनचा मऊ, सच्छिद्र, उजेडासमोर धरला की जाळीदार दिसणारा. वहीला चिकटवून काढलेल्या तिकिटाच्या पाठीला जुना डिंक आणि कागदाचे थर राहिलेले असतात आणि त्यामुळे मऊ कागदही कडक वाटतो. आपल्याकडचे बहुतेक घोटाळे इथेच होतात. पाठ स्वच्छ असलेलीच तिकिटे आधी तपासा.

आणखी एक पोटभेद आहे. ‘सेंट्स’ या शब्दातील शेवटच्या दोन अक्षरांच्या खाली, साधारण 1 मिमीवर, बारीक आडवी रेघ असेल आणि मधल्या लंबगोलाच्या कडेची छटा जवळपास निम्मी झालेली असेल, तर ते 1881 चे नव्याने कोरलेले तिकीट.

प्रश्न : एक विक्रेता 1847 चे फ्रँकलिनचे 5 सेंटचे तिकीट फारच स्वस्तात देतो आहे. फोटो पाठवला आहे. घ्यावे का? (एक वाचक, नांदेड)

फोटोवर घेऊ नका. पहिल्यांदा रंग विचारा. 1 जुलै 1847 ला निघालेले अस्सल तिकीट तांबूस तपकिरी छटांचे असते आणि त्याला दाते नसतात. निळा फ्रँकलिन दिसला तर ते 1947 च्या शताब्दी शीटमधून कापलेले आहे, आणि ते शीट अगदी सहज मिळते.

रंग बरोबर असला तरी थांबा. 1876 च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनासाठी सरकारनेच 1875 मध्ये नवे साचे कोरून प्रतिकृती छापल्या. अस्सल तिकिटात शर्टाच्या पांढऱ्या झालरीची डावी कड लंबगोलाला ‘फाइव्ह’ शब्दातील पहिल्या अक्षराच्या माथ्याच्या पातळीवर भेटते, प्रतिकृतीत 5 या आकड्याच्या माथ्याच्या पातळीवर. प्रतिकृतींवर मुळातच डिंक नव्हता. त्यांनाही वेगळे मोल आहे, पण त्या अस्सल म्हणून विकणे ही फसवणूकच.

त्या काळी तिकिटे पेनाने रेघ मारूनही रद्द करत. शाई धुऊन ‘कोरे’ म्हणून खपवलेली तिकिटे बाजारात आहेत. अतिनील दिव्याखाली पुसलेल्या रेघेचा माग बहुधा उमटतो. रक्कम मोठी असेल तर तज्ज्ञ संस्थेचे प्रमाणपत्र हवेच, आणि त्या प्रमाणपत्रावरचा फोटो तिकिटाच्या कडांशी जुळवून पाहा.

प्रश्न : 1861 मालिकेतील 3 सेंटचे गुलाबी तिकीट लावलेले पाकीट आहे. पाकीट फाटत चालले आहे. तिकीट सोडवून ठेवू का? (एक वाचक, परभणी)

कृपा करून सोडवू नका. सुटे तिकीट सर्वसाधारण आहे, जे काही सांगायचे ते पाकीटच सांगेल. 3 सेंट हा अर्ध्या औंसापर्यंतच्या देशांतर्गत पत्राचा दर होता, तो 1 ऑक्टोबर 1883 ला 2 सेंटवर आला. त्या काळच्या गावाच्या शिक्क्यात पुष्कळदा साल नसते, म्हणून आतले पत्र पाकिटाबरोबरच ठेवा. शिक्का तिकिटावरून कागदावर उतरला आहे का तेही पाहा. उतरला असेल आणि रेघा अखंड जुळत असतील, तर तिकीट त्याच पाकिटाचे असण्याची खात्री वाढते.

चिरलेल्या जागी सेलोटेप लावू नका. लॅमिनेशन तर मुळीच नको, त्यात पाकीट कायमचे जाते. पॉलिएस्टरच्या पारदर्शक खोळीत घालून मागे आम्लमुक्त पुठ्ठा द्या. पीव्हीसीची खोळ टाळा, ती कागदाला चिकटते आणि शाई ओढते. मे महिन्यात पत्र्याची खोली भट्टी होते आणि पावसाळ्यात माळवद पाझरते, म्हणून ट्रंक ना पत्र्याखाली ठेवा, ना भिंतीला टेकून. मधल्या खोलीतले, जमिनीपासून वर असलेले कपाट बरे. सिलिका जेलची पुडी ठेवा आणि आषाढ-श्रावणात पंधरा दिवसांनी बदला. वर्तमानपत्रात गुंडाळलेली पाकिटे पिवळी पडतात आणि कसर आधी तिथेच लागते.

प्रश्न : माझ्याकडे निजामाची तिकिटे आहेत, त्यात 1931 चे दौलताबादच्या मिनाराचे 1 रुपयाचेही आहे. ती तपासताना वॉटरमार्क (कागदातच उमटवलेली पुसट खूण) पाहायची सवय लागली. जुन्या अमेरिकन तिकिटांनाही वॉटरमार्क दाखवणारा द्रव लावावा का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

1895 च्या आधीच्या अमेरिकन टपाल तिकिटांत वॉटरमार्क नाही, त्यामुळे लावायचे कारणच नाही. 1894-95 च्या मालिकेत मात्र तोच फरक ठरवतो, तिथे तपासा. पाकिटावर असलेल्या तिकिटाला द्रव लावू नका.