चाळीसचा हिशेब आधी पक्का करा

जमिनीचे कागद नव्याने पाहत असाल तर 40 हा आकडा पक्का करा. 40 गुंठे म्हणजे 1 एकर, आणि गुंठा म्हणजे 33 बाय 33 फूट, 1089 चौरस फूट.

सातबाऱ्यावर मात्र गुंठे नसतात, हेक्टर-आर असतात. आर म्हणजे 100 चौरस मीटर, साधारण 1076 चौरस फूट. बोलताना सर्रास दोन्ही एकच धरतात, पण 40 आरला एकर समजून पैसे मोजले तर जवळपास 500 चौरस फूट, म्हणजे अर्धा गुंठा, हातचा जातो. गावाला लागून असलेल्या जमिनीत ही रक्कम लहान नसते.

दुसरी चूक दशांशाची. तोंडी ‘एक एकर वीस गुंठे’ म्हणजे दीड एकर, कॅल्क्युलेटरवर 1.20 टाकू नका, 20 ला 40 ने भागून मिळवा. सातबाऱ्यावरचे 1.20.00 मात्र हेक्टर आहेत, म्हणजे 1 हेक्टर 20 आर: 2 एकर साडेअडतीस गुंठ्यांच्या आसपास. पोटखराबाचा, म्हणजे लागवडीलायक नसलेल्या भागाचा, आकडा वेगळा वाचा.

मणाचेही तसेच. जुना मण 40 शेरांचा, सुमारे 37.3 किलो, आता बऱ्याच ठिकाणी 40 किलो धरतात, गुजरातेत 20. भाव ठरवताना किलोतच विचारा.