वाचक विचारतात : चिऱ्याची शाळा आणि सिमेंटचा गिलावा

प्रश्न : वाडीतली एका खोलीची जुनी शाळा जांभ्याच्या चिऱ्यांची आहे. काही वर्षांपूर्वी भिंतींना आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. आता कमरेपर्यंत ओल चढते, रंगाचे पोपडे निघतात, मागे चिऱ्याची भुकटी होते. वॉटरप्रूफ रंग लावावा का?
– एक वाचक, राजापूर तालुका

उत्तर : मुळीच नको. जांभा पाणी पितो आणि ऊन मिळाले की सोडतो. सिमेंटने ही सोडायची वाट बुजवली. गिलाव्याच्या बारीक भेगांतून आणि जोत्यातून पाणी येतच राहते, त्यातले क्षार गिलाव्याच्या मागे साचतात, त्यांचे स्फटिक होतात आणि चिऱ्याचा पृष्ठभाग फोडतात. ती भुकटी याचीच. वॉटरप्रूफ रंगाने ओल आणखी वर सरकेल.

भिंतीला हात लावण्याआधी बाहेर बघा. अंगणात भराव टाकून जोते बुजवलेले असते, हा नेहमीचा घोळ. माती काढून जमीन जोत्याच्या माथ्यापासून किमान एक फूट खाली न्या. पागोळ्यांखाली चर खणून पाणी भिंतीपासून लांब काढा.

दिवाळीनंतर गिलावा छिन्नी-हातोडीने उतरवा. ब्रेकर नको, हवेवर कडक झालेली चिऱ्याची वरची कातडी त्याने निघते आणि आतला भाग मऊ असतो. पांढरे क्षार कोरड्या ब्रशने झाडा. धुतलेत तर ते विरघळून पुन्हा आत जातील. मग भिंत शिमग्यापर्यंत उघडी सुकू द्या. घाई इथेच होते आणि काम इथेच फसते.

नव्या गिलाव्याला एक भाग मुरवलेला चुना, तीन भाग धुतलेली नदीची वाळू. पुळणीची (समुद्रकिनाऱ्याची) वाळू फुकट मिळाली तरी घेऊ नका, तिच्यात मीठ असते. चुनकळी भिजवून निदान तीन आठवडे पाण्याखाली मुरवावी. भिजवताना ती उकळून उडते, म्हणून डोळ्यांना चष्मा हवाच. भिंत ओली करून सुमारे १० मिलिमीटरचे दोन थर द्या. ओले गोणपाट लावून आठवडाभर ओलसर ठेवा. वर चुन्याचे तीन पातळ हात, ऑइलपेंट नाही. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, तेव्हा एप्रिलअखेर काम संपवा. मे महिन्यात केलेला गिलावा जूनच्या सरी धुऊन नेतील. पावसाच्या माऱ्याच्या पश्चिमेकडच्या भिंतीला नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधले तर उत्तम.

प्रश्न : छपराच्या कौलावर १८६५ असे साल आहे. शाळा तेव्हाची म्हणावी का?
– एक वाचक, दापोली तालुका

उत्तर : नाही. बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेचा मंगलोरचा कौलांचा कारखाना १८६५ साली निघाला. पुढेही कितीतरी वर्षे कौलांवर तेच साल उमटत राहिले. शिवाय कौले बदललेली असू शकतात. जनरल रजिस्टरमधल्या (मुलांच्या दाखल्यांच्या वहीतल्या) पहिल्या नोंदीची तारीख बघा, पण तीही इमारतीच्या वयाची कमाल मर्यादा समजा : इमारत होण्याआधी शाळा देवळात किंवा कुणाच्या ओटीवर भरत असेल. जुन्या कागदांवर लोकल बोर्डाचा किंवा स्कूल बोर्डाचा शिक्का असेल तर ते बहुधा १ मे १९६२ पूर्वीचे, कारण जिल्हा परिषदा तेव्हा आल्या.

रजिस्टर फाटले असेल तर सेलोटेप लावू नका आणि लॅमिनेशन करू नका. पाने आडवी ठेवून फोटो काढा, मूळ प्रत सुती कापडात गुंडाळून जमिनीपासून वर ठेवा. इमारतीचे निर्लेखन (निकामी ठरवून पाडणे) होण्याची कुजबुज असेल तर हे काम सर्वांत आधी करा.