दोन खटक्यांची सूटकेस

प्रश्न : कोणत्या कृतीने काय बदलते याचे नियम यंत्राला एकदा दिले, की पुढचे सगळे त्याने तर्काने काढावे. मग कृतीचे अप्रत्यक्ष परिणाम हा कृत्रिम बुद्धिमत्तेतला अवघड प्रश्न का मानतात?

उत्तर : तर्काने हवे ते निघते, पण त्याबरोबर नको तेही निघते, अशी यातली मेख आहे. संगणकशास्त्रज्ञ फांगझेन लिन यांनी १९९५ मध्ये दिलेले सूटकेसचे उदाहरण पाहा. दोन्ही खटके वर असले, की स्प्रिंगच्या जोराने झाकण उघडते. उजवा खटका वर आहे, डावा खाली, झाकण बंद. यंत्राला आपण सांगितले, की 'दोन्ही खटके वर असतील, तर झाकण उघडे असते', आणि डावा खटका उचलायला लावला. कृतीगणिक काय काय बदलत नाही याची यादी देत बसणे अशक्य असते (मॅकार्थी आणि हेज यांनी १९६९ मध्ये ही अडचण मांडली होती), म्हणून बदल कमीत कमी धरावेत असा संकेत असतो. आता झाकण उघडले तर नियम पाळला जातो. पण झाकण बंदच राहून उजवा खटका आपसूक खाली पडला, तरीही तो पाळला जातो! जादा बदल दोन्हीकडे एकेकच, त्यामुळे निव्वळ 'जर-तर'ला यांतून निवड करता येत नाही. खटक्यांमुळे झाकण उघडते, झाकणामुळे खटका पडत नाही, ही कार्यकारणाची दिशा नियमात वेगळी लिहावी लागते, आणि लिन यांनी नेमके तेच केले.

मात्र यंत्राच्या समजुतींचा प्रश्न आला, की झाकणाकडून खटक्याकडे जाणारा हाच टाकून दिलेला उलटा तर्क पुन्हा लागतो, आणि मला या विषयातली खरी गंमत इथेच वाटते. उजवा खटका वर आहे की खाली, हे यंत्राला ठाऊक नाही असे धरा. डावा उचलूनही झाकण हलले नाही, हे पाहिल्यावर उजवा आधीपासूनच खाली होता असे त्याने ओळखले पाहिजे. पाहण्याने सूटकेसमध्ये काहीच बदलले नाही, बदलले ते यंत्राचे ज्ञान. अशा कृतींची मांडणी शेर्ल आणि लेवेक यांनी १९९३ मध्ये केली. 'झाकण बंद, म्हणून उजवा खटका खाली' हे वाक्य परिणाम म्हणून चूक आणि अनुमान म्हणून बरोबर आहे.