ताटातली डावी बाजू

पक्षाघात होऊन गेलेल्या माणसाच्या घरचे लोक माझ्याकडे येतात, तेव्हा एक वाक्य हमखास कानावर पडतं: "मॅडम, हे मुद्दाम करतात." बोलणं-चालणं बरंच सुधारलेलं असतं, डोळे तपासून झालेले असतात. तरी माणूस अर्धीच दाढी करून येतो, दाराच्या डाव्या चौकटीला खांदा आपटतो. एक जण म्हणतो नाटकं, दुसरा म्हणतो डोक्यावर परिणाम झालाय.

अशाच एक काकू आल्या. (तपशील थोडे बदलले आहेत.) काकांना मेंदूच्या उजव्या बाजूला झटका येऊन काही महिने झाले होते. "भाजी, आमटी सगळं संपवतात आणि वर मलाच विचारतात, चटणी-कोशिंबीर करायची बंद केलीस का? अहो, समोर वाढलेली असते!"

आपल्या ताटात चटणी-कोशिंबीर डावीकडे. मला तिथेच अंदाज आला. काकांना घड्याळ काढायला सांगितलं. बारा ते सहा आकडे नीट, पुढची बाजू कोरी.

"पूर्ण झालं?"

"झालं की!"

माथ्याखाली, जरा मागच्या बाजूला मेंदूचा पॅरायटल लोब नावाचा भाग असतो, डावा आणि उजवा असा दोन्हीकडे. स्पर्श कळणं, आपला हात-पाय कुठे आहे हे न बघता समजणं, अवतीभवतीच्या जागेकडे लक्ष देणं ही त्याची कामं. डाव्या बाजूचा लोब मुख्यतः उजवीकडे लक्ष ठेवतो, उजवा मात्र दोन्हीकडे. म्हणून उजव्याला इजा झाली की डावीकडचं जग कुणाच्याच खात्यावर राहत नाही. गंमत म्हणजे काही हरवलंय हेही त्या माणसाला जाणवत नाही.

हे सगळं सांगूनही काकूंचा चेहरा तसाच. माहितीने राग जात नाही, हा माझा अनुभव. मग मी १९७८ साली इटलीत झालेला एक प्रयोग घरगुती केला. बिसियाक आणि लुझात्ती या संशोधकांनी अशा रुग्णांना मिलानचा कॅथेड्रलसमोरचा चौक नुसता आठवायला सांगितला होता.

"काका, डोळे मिटा. घराच्या दारात उभे आहात, तोंड बाल्कनीकडे. काय काय आहे हॉलमध्ये?"

"टीव्ही, पुस्तकांचं कपाट, माझी खुर्ची."

"आता बाल्कनीपाशी जा आणि दाराकडे तोंड करा."

"देवघर... स्वयंपाकघराचं दार... दिवाण."

टीव्ही गायब! चाळीस वर्षांचं घर, पण आठवणीतसुद्धा फक्त उजवी बाजू. काकू हळूच म्हणाल्या, "डोळे तर मिटलेलेच होते." थोड्या वेळाने: "मी रोज यांच्या डावीकडे बसते, अधू हाताला आधार द्यायला. बोलले तर उत्तर नाही. मला वाटायचं, रागावलेत माझ्यावर."

खरी तक्रार चटणीची नव्हतीच. वागण्यात हेतू शोधण्याआधी मेंदूत डोकवावं हा माझा जुना आग्रह. त्या दिवशी तो मला समजावून सांगावा लागला नाही.

घरच्यांनी काय करावं? आधी न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. निव्वळ नजरेचं क्षेत्र कमी झालेला माणूस बहुधा मान वळवून भरपाई करतो, काकांसारखा रुग्ण वळवतच नाही. दोन्हींचे उपाय वेगळे. "दिसत नाही का?" हा प्रश्न घरातून हद्दपार करा. महत्त्वाचं बोलायचं तर उजवीकडे बसा. सराव म्हणून मात्र हळूहळू डावीकडून हाक मारा आणि मान वळेपर्यंत थांबा. टेबलाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवा. पेपर वाचताना ओळ सुरू करण्याआधी नजर डाव्या समासात आखलेल्या लाल रेघेपर्यंत न्यायची, म्हणजे वाक्याचं डोकं तुटत नाही. ताट फिरवून दिलं तर पोट भरतं, पण सराव बुडतो. म्हणून आधी "डावीकडे बघा" म्हणा, मग फिरवा. ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं पुन्हा शिकवणारे तज्ज्ञ, हे शिस्तीत करून घेतात. सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांत जास्त असतो, तेव्हा "बघू पुढे" नको.

गाडीची किल्ली मात्र डॉक्टर स्पष्ट हो म्हणेपर्यंत द्यायची नाही. "मला सगळं दिसतंय" असं ते अगदी प्रामाणिकपणे म्हणतील. तरीही नाही.