बॅकडेटेड डिग्री आणि दिल्लीचा शिक्का: इचलकरंजीच्या एका वडिलांना उत्तर

नमस्कार दादा,

तुमचं पत्र काल रात्री वाचलं आणि आज सकाळी परत वाचलं. बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. हे दादा इचलकरंजीचे, घरचे आठ माग आहेत, मुलगा तेवीस वर्षांचा. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला सहा विषय राहिले आणि गेलं वर्षभर तो कॉलेजला गेलाच नाही. मेव्हणे शारजात स्टोअरकीपर आहेत, त्यांच्या कंपनीत जागा निघणार आहे, पण कुठली का असेना डिग्री पाहिजे असं ते म्हणाले. मग ओळखीतून एक एजंट भेटला, तो एक लाख साठ हजारात बाहेरच्या राज्यातल्या युनिव्हर्सिटीची बी.कॉम. देणार, २०२३ ची पास, आणि वर 'दिल्लीचं अटेस्टेशन', म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, पण करून देणार. पैसे १५ तारखेच्या आत. तुमचा प्रश्न एकच आहे, की दिल्लीचा शिक्का एकदा लागला की पुढे काही अडचण येईल का.

येईल. कशी ते खाली सविस्तर सांगते, पण आधी मला वेगळंच बोलायचंय.

एवढ्या मोठ्या पत्रात तुमचा मुलगा दोनच ठिकाणी येतो. एकदा लिहिलंय, 'तो काही बोलत नाही, जेवणाचं ताट खोलीत घेऊन जातो, दुपारी बारापर्यंत झोपतो.' दुसऱ्यांदा, 'कामाच्या नावाने काही नाही, नुसता नव्या मागाचं पॅनल उघडून बसतो.' बास. बाकी सगळं पत्र फीचे किती गेले, त्यासाठी दोन माग कसे विकले, धाकट्या मुलीचं लग्न ठरवताना लोक भावाबद्दल काय विचारतील याबद्दल आहे. 'लोकांना काय सांगू' हे वाक्य तीन वेळा आलंय, मी मोजलं. आणि मधेच एक ओळ आहे जी वाचून मी थांबले, 'फॉर्मवर सही त्याच्याकडून करून घेतली.' करून घेतली म्हणजे काय दादा? त्याला सांगितलं होतं का कसला फॉर्म आहे? तो हो म्हणाला, का नुसता काही बोलला नाही?

तुमचा त्रास मला कळतोय. माग विकणं म्हणजे काय असतं हे त्या गावात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही, आणि मुलाच्या काळजीनेच तुम्ही हे सगळं करताय याबद्दल मला शंका नाही. पण स्पष्ट बोलते, राग मानू नका. ही डिग्री तुम्हाला हवीय, घरी येणाऱ्या पाहुण्यांना सांगायला हवीय. तिची किंमत मात्र तो भरणार आहे, आणि पैशात नाही. ताट खोलीत नेणारी बरीच मुलं मी बघितलीत. त्यातली बहुतेक आळशी नव्हती, त्यांना ताटासमोर बसून राहिलेल्या विषयांचा हिशोब रोज परत ऐकायचा नव्हता, एवढंच. वर्षभर असं चाललंय, झोपेचं सगळं उलटं झालंय, बोलणं बंद आहे, तर हा विषय करिअरच्या आधी तब्येतीचा आहे. जवळच्या मानसोपचार तज्ज्ञाकडे त्याला घेऊन जा. तो लगेच तयार नसेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आधी तुम्ही स्वतः फोन करून विचारा की मुलाशी बोलायला सुरुवात कशी करू. हे १५ तारखेच्या आधी करा, एजंटला फोन करायच्या आधी करा.

आता शिक्का. हा गैरसमज फक्त तुमचा नाही, माझ्याकडे येणाऱ्या शिकलेल्या लोकांचाही असतो, म्हणून जरा नीट लिहिते. लोकांना वाटतं परराष्ट्र मंत्रालयाने अटेस्ट केलं म्हणजे भारत सरकारने सांगितलं की डिग्री खरी. तसं नसतं. डिग्री आधी राज्य सरकारच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जाते, तो सही करतो, आणि त्या अधिकाऱ्याच्या सहीचा नमुना मंत्रालयाकडे असतो तो जुळवून मंत्रालय आपला शिक्का मारतं. म्हणजे मंत्रालय काय म्हणतं, तर ही सही आमच्या माहितीतल्या माणसाची आहे. कागदात जे लिहिलंय त्याची जबाबदारी आमची नाही, असं मंत्रालय स्वतः स्पष्ट सांगतं. अपॉस्टिलचंही तेच. तो १९६१ च्या हेग कराराचा प्रकार, करारातल्या देशांत कागद चालावा म्हणून लागणारा, भारत त्यात २००५ मध्ये आला, कागदाच्या मागे एक चौकोनी छापील स्टिकर लागतो, त्यावर नंबर असतो आणि तो नंबर ऑनलाइन टाकून बघता येतो. बघितल्यावर काय कळतं, तर स्टिकर खरा आहे. मुलगा तीन वर्षं वर्गात बसला का, हे त्या स्टिकरला माहीत नसतं. आणि एक गोष्ट लक्षात घ्या, एजंटने तुम्हाला 'दुबई-शारजासाठी अपॉस्टिल' असं लिहून दिलंय, तुम्ही फोटो पाठवलाय त्यात दिसतंय. यूएईसाठी अपॉस्टिल चालत नाही, तिथे मंत्रालयाचं साधं अटेस्टेशन, मग यूएईच्या वकिलातीचा शिक्का आणि मग तिकडे गेल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचा, अशी रांग असते. मंत्रालयाची अपॉस्टिलची फी पन्नास रुपये आहे आणि साध्या अटेस्टेशनला मंत्रालय फीच घेत नाही, मधल्या सेंटरचे थोडे सर्व्हिस चार्जेस असतात. त्याच्या हिशोबात 'दिल्ली खर्च पस्तीस हजार' लिहिलंय. हे पस्तीस हजार कशाचे ते त्याला विचारा.

मग डिग्री खरी का खोटी हे बघतं कोण? युनिव्हर्सिटीला डिग्री द्यायचा अधिकार आहे का हे यूजीसी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, बघतं. १९५६ च्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने झालेली युनिव्हर्सिटी, अभिमत विद्यापीठ, नाहीतर संसदेने खास अधिकार दिलेली संस्था, एवढ्यांनाच डिग्री देता येते. बोगस युनिव्हर्सिट्यांची यादी यूजीसीच्या साइटवर असते. तुम्ही लिहिलंय की ती युनिव्हर्सिटी बोगस यादीत नाही, स्वतः बघितलं. चांगलं केलंत, पण इथेच माणूस फसतो. युनिव्हर्सिटी खरी असू शकते आणि तिच्या नावाने तुमच्या मुलाला दिलेला कागद खोटा असू शकतो. कारण अमुक मुलगा आमच्याकडे शिकला का, हे फक्त ती युनिव्हर्सिटीच सांगू शकते, दुसरं कोणी नाही. कंपनी किंवा त्यांची तपासणी करणारी एजन्सी थेट परीक्षा विभागाला लिहिते, याला प्रायमरी सोर्स व्हेरिफिकेशन म्हणतात. तिथला क्लार्क सीट नंबर आणि पीआरएन, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा नोंदणी नंबर, घेतो, लेजर म्हणजे निकालाची वही काढतो, नाव, आईचं नाव, मार्क जुळवतो. ॲडमिशन नाही, एलिजिबिलिटी नाही, परीक्षेचा फॉर्म नाही, तर लेजरमध्ये नाव येणार कुठून? आणि तुमच्या बाबतीत अजून एक आहे. २०२० ते २०२३ या काळात तुमचा मुलगा इंजिनिअरिंग कॉलेजच्या मस्टरवर हजर आहे, त्याचा ओरिजिनल एलसी त्या कॉलेजच्या फाइलला आहे. त्याच तीन वर्षांत तो दुसऱ्या राज्यात रेग्युलर बी.कॉम. करत होता असं हा कागद म्हणणार.

एजंट 'डिजिलॉकरमध्ये पण दाखवतो' म्हणाला ना, त्याचंही सांगते. डिजिलॉकर उघडलं की दोन वेगळे भाग असतात, इश्यूड आणि ड्राइव्ह. ड्राइव्हमध्ये कोणीही स्वतः काहीही स्कॅन करून चढवू शकतं, लाइटबिलसुद्धा. इश्यूडमध्ये फक्त देणाऱ्या संस्थेकडून येतं. यूजीसीचं नॅड म्हणजे सगळ्या डिग्र्या ठेवायची जागा, ती २०२० पासून डिजिलॉकरवरच आहे आणि तिथे डिग्री चढवते युनिव्हर्सिटी. एजंट मोबाइल दाखवेल तेव्हा वर काय लिहिलंय ते बघा.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक मुलगा आला होता, गाव सांगत नाही. कागद बघितला तर बघत राहावा असा, होलोग्राम, सोनेरी अक्षरं, मागे सगळे शिक्के. आखातात अडीच वर्षं नोकरी झाली, सगळं सुरळीत, मग कंपनी दुसऱ्या ग्रुपने घेतली आणि सगळ्यांचे कागद नव्याने तपासायला गेले. युनिव्हर्सिटीचं उत्तर एका ओळीचं होतं, 'सदर आसनक्रमांकाची नोंद या कार्यालयात आढळून येत नाही.' त्याने ती प्रिंट घडी करून पाकिटात ठेवली होती, घडीवर अक्षरं पुसली होती. नोकरी गेली, आणि त्याला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट ही की अडीच वर्षांचं चांगलं केलेलं कामही आता कुठे दाखवता येत नव्हतं, कारण त्याच्या मागे तोच कागद होता. त्याच्याही वडिलांनीच पैसे भरले होते.

तपासणी आज झाली नाही म्हणजे सुटलो असं नसतं. डिस्टन्सने इंजिनिअरिंग केलेल्यांचं उदाहरण घ्या, २००१ ते २००५ मध्ये काही अभिमत विद्यापीठांत ॲडमिशन घेतलेल्या मुलांच्या डिग्र्या सुप्रीम कोर्टाने ३ नोव्हेंबर २०१७ ला स्थगित केल्या, नोकरीत मुरलेल्या लोकांना परत परीक्षा द्यायची वेळ आली. आणि ती मुलं खरोखर ॲडमिशन घेऊन शिकलेली होती, दोष विद्यापीठांच्या परवानगीचा होता. तुमच्या कागदात तर खोटा दस्तऐवज आहे, आता भारतीय न्याय संहितेत तो करणं कलम ३३६ मध्ये येतं आणि खोटा आहे माहीत असून खरा म्हणून वापरणं ३४० मध्ये. वापरणार कोण, तर तुमचा मुलगा. एजंटचं नाव त्या कागदावर कुठेच नसणार.

शारजाला जायचंच असेल तर डिग्रीशिवायही कामं आहेत, पण नोकरी लावून देणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ईमायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का बघा, नोंदलेल्या एजंटला फी जास्तीत जास्त तीस हजार आणि वर जीएसटी एवढीच घेता येते. डिग्री हवीच असेल तर नाशिकचं मुक्त विद्यापीठ आहे, इग्नू आहे, काम करत तीन वर्षांत खरी बी.कॉम. होते. सहा विषय राहिलेत तर कॉलेजला जाऊन मुदत किती उरली, परत बसता येईल का, झालेल्या सेमिस्टरचे क्रेडिट कुठे धरतील का, हे एकदा विचारा. त्याला सोबत घेऊन जा आणि बोलू दे त्यालाच.

पण मला खरं तर त्या पॅनलबद्दल विचारायचंय. तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलंय. साध्या मागाच्या जागी गावात रेपिअर आणि एअरजेट हे नवे माग आलेत, त्यांचं निम्मं दुखणं इलेक्ट्रॉनिक असतं, कार्ड गेलं की बाहेरून माणूस येईपर्यंत माग बंद, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. अशा घरात तेवीस वर्षांचा मुलगा, जो कशालाच हात लावत नाही म्हणता, तो आपणहून पॅनल उघडून बसतो. कधी बसतो, रात्री? काय करतो, नुसतं बघतो का काही दुरुस्त पण केलंय? शेवटचं कार्ड गेलं तेव्हा माणूस बोलवावा लागला का? तुमच्या पत्रात याचं उत्तर नाही, आणि मी पुढचा एकही सल्ला त्याशिवाय देऊ शकत नाही, आयटीआय सांगू का टेक्स्टाइल डिप्लोमा का मशीन विकणाऱ्या कंपनीत सर्व्हिसचं काम शिकायला पाठवा म्हणू, हे त्याच्यावरच ठरेल. त्याच्या शेजारी जाऊन बसा एकदा. सहा विषयांचं काही काढू नका, मुलीच्या लग्नाचंही नको, फक्त विचारा हे काय आहे, मला दाखव.

एक अर्जंट गोष्ट. तुम्ही दहावी-बारावीचे ओरिजिनल मार्कशीट एजंटकडे ठेवलेत, 'सिक्युरिटी म्हणून' असं त्याने सांगितलं. ते आजच जाऊन घेऊन या, एकटे जाऊ नका, कोणालातरी बरोबर न्या. आधारची झेरॉक्स आणि सही केलेला तो फॉर्मही परत मागा. तो पैसे मागेल, टाळाटाळ करेल, एक रुपया देऊ नका, सरळ पोलीस स्टेशनला लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. मार्कशीट नाहीच मिळाले तरी घाबरून १५ तारखेला पैसे भरू नका, बोर्डाच्या कोल्हापूर विभागीय कार्यालयातून डुप्लिकेट निघतं. कागद हातात आले की मला कळवा, आणि पुढचं पत्र त्याला लिहावंसं वाटलं तर त्याला लिहू द्या, दोन ओळी असल्या तरी चालतील.