रेणू तोच, मग स्फटिक वेगळे कसे?

रासायनिक सूत्र सारखं असूनही एकाच औषधाचे दोन स्फटिक वेगळे का वागतात, असा तुमचा प्रश्न आहे. थोडक्यात सांगायचं तर फरक रेणूत नसतो, रचणीत असतो.

आमच्या नागपुरात कळमन्याच्या बाजारात संत्री पेटीत भरताना बघा. फळं तीच, पण थर कसे लावले त्यावर पेटीत किती मावतील आणि ती किती घट्ट बसतील हे ठरतं. रेणू तर संत्र्यासारखे गोलही नसतात. लांबट, वाकडेतिकडे, मधल्या बंधाभोवती वळणारे. त्यामुळे एकमेकांना धरायच्या तऱ्हा अनेक. पकड बदलली की वितळणबिंदू, विद्राव्यता, कठीणपणा सगळं बदलतं. याला बहुरूपता म्हणतात. (हिरा-ग्रॅफाइटचं उदाहरण इथे देऊ नका; तिथे अणूंमधले बंधच वेगळे आहेत.)

रिटोनाविर या एचआयव्हीवरच्या औषधाची फजिती प्रसिद्ध आहे. 1996 मध्ये ते बाजारात आलं. 1998 मध्ये कॅप्सूलमध्ये अचानक दुसरंच, जास्त स्थिर आणि खूप कमी विरघळणारं रूप तयार व्हायला लागलं. कॅप्सूल मागे घ्याव्या लागल्या. वाईट म्हणजे, नव्या रूपाचे सूक्ष्म कण जिथे पोचले तिथे जुनं रूप बनवणंच अवघड झालं, विरजणासारखं!

घरचा नमुना हवा तर मे महिन्यात चॉकलेट बाहेर ठेवून बघा. त्यातली चरबी, म्हणजे कोको बटर, हे मिश्रण आहे, एक रेणू नाही, पण खेळ तोच. त्याची सहा रूपं मानतात. हवंहवंसं पाचवं रूप साधारण 34 अंशांना वितळतं. आपल्याकडे पारा 45 ला जातो, मग पुन्हा गोठलेल्या वडीवर पांढरी बुरशीसारखी साय दिसते. ती बुरशी नाही, वेगळ्या रूपात गोठलेलं कोको बटर आहे, खुशाल खा. तोंडात विरघळण्याची मजा मात्र गेलेली असते.